गोदामातला खोकला

मित्रांनो, माझ्या तोंडात आता एकच सुळा उरला आहे आणि तोही हलतो. तेव्हा मी एक जुनी मांजर आहे, हे वेगळं सांगायला नको. उंदीर आजकाल माझ्यासमोरून शतपावली केल्यासारखे जातात. एके काळी माझ्या नुसत्या वासाने त्यांना पळता भुई थोडी व्हायची. माझी गोष्ट ऐकायची असेल तर जरा जवळ बसा, कारण माझा आवाजही आता बारीक झाला आहे.

माझा जन्म एका बाइंडिंगखान्यात झाला. छापखान्यातून आलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, त्या दोऱ्याने शिवायच्या, पाठीला खळ लावून पुठ्ठा चढवायचा आणि पुस्तक लोखंडी शिकंज्यात दाबून ठेवायचं, असं तिथलं काम. पुस्तकांच्या कडा कापल्या की कागदाच्या बारीक पट्ट्यांचा मोठा ढीग साठतो. त्या ढिगात माझ्या आईने मला जन्म दिला. इतकी मऊ गादी राजाच्या लेकरालाही मिळत नसेल.

एके सकाळी बाइंडरचा मुलगा तो ढीग पोत्यात भरायला आला. त्याने मूठभर पट्ट्या उचलल्या आणि त्यांच्याबरोबर मीही वर गेले. तो ओरडला, "अहो बाबा, इकडे या! पुठ्ठ्याला पाय फुटलेत!"

माझा रंग अगदी पुठ्ठ्यासारखा, मातकट पिवळा. म्हणून माझं नाव पुठ्ठी पडलं. तुम्ही हसाल, पण मला ते फार आवडतं. ज्या वस्तूवर सगळं घर चालतं, तिचं नाव मिळणं म्हणजे काय थट्टा आहे?

घरात तिघंच जण होते. म्हातारे बाइंडर, त्यांना सगळे बाबा म्हणत. त्यांचा मुलगा. आणि मुलाची बायको, तिला बाबा सूनबाई म्हणत, म्हणून मीही मनातल्या मनात तेच म्हणू लागले. खाली कारखाना, वर राहायच्या दोन खोल्या आणि मधे लाकडी जिना. बाबा खळ शिजवायचे, मुलगा पुठ्ठे कापायचा आणि सूनबाई शिलाई करायची. तिची सुई अशी चाले की दोरा कधी ओढला गेला ते कागदालाही कळू नये.

बाबांची जीभ मोठी तिखट. "खळ पातळ झाली की पुस्तक सुटतं, आणि जीभ पातळ झाली की माणूस सुटतो," असं ते म्हणत आणि मग स्वतःच दिवसभर बडबड करत.

माझं काम उंदरांचं. खळ पिठाची असते आणि उंदरांना ती फार प्रिय. एका रात्रीत ते पुस्तकाची पाठ सोलून ठेवतात. मी मोठी झाले आणि हा सगळा कारभार बंद पाडला. छापखान्याचे मालक एकदा सर्वांदेखत म्हणाले, "तुमच्याकडून आलेल्या पुस्तकाला कधी दात लागलेला नसतो!" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्या दिवशी मला माशाचं आख्खं डोकं मिळालं. मित्रांनो, कौतुक कोणाला नको असतं? मी तर शेपटी वर करून आठवडाभर मिरवले.

मग घरावर वाईट दिवस आले. मुलगा आजारी पडला. आधी बारीक ताप, मग धाप. जिना चढताना तो मधल्या पायरीवर बसू लागला. तो म्हणायचा, "होईल बरं, काम संपलं की दाखवतो." काम काही संपलं नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्याच्या रक्तात एचआयव्ही नावाचा विषाणू होता आणि त्याने आतली ताकद पोखरल्यावर छातीत दुसराच आजार शिरला होता. तो घरी परत आला नाही. कितीतरी दिवस मी पुठ्ठे कापायच्या टेबलावर जाऊन बसत असे. तिथे त्याच्या कोपराची एक गुळगुळीत खूण होती.

मग सूनबाईचीही तपासणी झाली. ती दवाखान्यातून परत आली तेव्हा बाबा खाली खळ लावत होते. मी शिकंज्यावर बसले होते, त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं.

ती म्हणाली, "बाबा, माझ्याही रक्तात तो विषाणू आहे."

बाबांच्या हातातला कुंचला पुस्तकाच्या पाठीवर तसाच थांबला. त्यांनी विचारलं, "औषध आहे?"

"आहे. रोज घ्यायचं, जन्मभर. पण नेमाने घेतलं तर म्हातारी होईन, असं डॉक्टर म्हणाल्या."

बाबांनी पाठीवरची खळ सारखी केली. मग म्हणाले, "मग हो म्हातारी. मलाही तेवढीच सोबत होईल."

सूनबाई हसली आणि तिथेच स्टुलावर बसून रडली. बाबांनी कुंचला खाली ठेवला, हात पुसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा हात पुसूनही चिकटच असायचा. तिच्या केसांना खळ लागली, पण तिने ती पुसली नाही.

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं होतं आणि तिने ते बाबांना सांगितलं. प्रत्येकाच्या अंगात आजारांशी लढणारे पहारेकरी असतात. हा विषाणू नेमका त्यांनाच मारतो. औषध सुरू झालं की विषाणू दबतो आणि नवे पहारेकरी तयार होऊ लागतात, पण त्याला वेळ लागतो. तोवर दार अर्धं उघडंच असतं. एरवी ज्यांना कोणी विचारत नाही असे जंतूही संधी साधून आत शिरतात. म्हणून रोजच्या औषधाबरोबर तिला आणखी एक गोळी दिली होती, हे चोर आत येऊ नयेत म्हणून. पहारा पुन्हा भक्कम झाला की ती गोळी डॉक्टर बंद करणार होत्या.

एका ताटात जेवून, एका पेल्यातून पाणी पिऊन हा विषाणू पसरत नाही, हेही तिने सांगितलं. बाबा म्हणाले, "ते मला नको सांगूस. मला एवढंच सांग की तुला कशापासून जपायचं."

बस, तेव्हापासून बाबांच्या अंगात वारं शिरलं. पाणी खळखळ उकळल्याशिवाय सूनबाईच्या ओठाला लागायचं नाही. भाजी धुवायची, पुन्हा धुवायची, मग उजेडात धरून बघायची. अंडं अर्धवट शिजलेलं दिसलं तर ते अंड्यालाच रागवायचे. शिंकणारं गिऱ्हाईक आलं तर त्याला दारातच थांबवत, "सर्दी बाहेर ठेवा आणि पुस्तकं आत द्या!" आणि गोळीची वेळ झाली की खालून हाक यायची, "सूनबाई, गोळी झाली का?"

ती वरून ओरडायची, "झाली! बाबा, मी सून आहे की तिजोरी?"

"तिजोरीवर एवढं लक्ष कोण ठेवतं?" बाबा म्हणायचे.

अशा घरात कोणाला भीती वाटेल? मला तर वाटत होतं, आता सगळं रुळावर येईल. सूनबाईच्या गालांवर थोडा रंगही दिसू लागला होता. आणि नेमकं तेव्हाच माझ्यावर संकट आलं.

आमच्या गल्लीत एक कंपाउंडरकाका राहायचे. कधीच निवृत्त झालेले, पण सल्ले देणं अजून चालू. ते जुनी मासिकं बांधून घ्यायला आले. बाबांनी कोणाचं नाव न घेता सहज विचारल्यासारखं केलं, "समजा, एखाद्याच्या अंगात ताकद कमी असेल, तर घरात कशाकशाला जपावं?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांची नजर माझ्यावर पडली. मी तेव्हा पंजा चाटत होते.

"पहिलं म्हणजे हे ध्यान घराबाहेर काढा!" ते म्हणाले. "मांजरीच्या विष्ठेतून जंतू जातात, ते थेट माणसाच्या मेंदूत!"

मित्रांनो, अर्धं खरं हे सबंध खोट्यापेक्षा जास्त धावतं. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी डॉक्टरांना विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. पण घाबरलेल्या माणसाला विचारायचं सुचत नाही. त्याला फक्त काहीतरी करून मोकळं व्हायचं असतं. एक मुलगा त्यांच्या हातून गेला होता. आता सुनेच्या बाबतीत त्यांना कणभरही धोका नको होता.

दुसऱ्या दिवशी सूनबाई कागद आणायला गेली असताना बाबांनी माझ्यापुढे वाटीभर दूध ठेवलं. मी ते चाटून पुसून घेतलं. मग त्यांनी मला उचललं, छातीशी धरलं आणि हलकेच पिशवीत घातलं.

"पुठ्ठे, तुझ्यावर राग नाही गं," ते पिशवीच्या तोंडाशी वाकून म्हणाले. "पण ती मला हवी आहे."

त्यांनी मला पुलापलीकडच्या छापखान्यात नेलं. मागे कागदाचं मोठं गोदाम होतं, तिथे मला सोडलं. मालकांनी आनंदाने होकार दिला, त्यांच्याकडे उंदीर माजलेच होते. बाबा पाठ फिरवून निघाले. दारापाशी ते क्षणभर थांबले, पण मागे वळून त्यांनी पाहिलं नाही.

मी खूप ओरडले. मग ओरडणं सोडून दिलं. गोदामात उंदीर हवे तेवढे होते, पण एकटीने खाल्लेला घास गोड लागत नाही. आपलं काय चुकलं, हेच मला कळत नव्हतं. ज्या घरासाठी मी जन्मभर पंजे झिजवले, त्या घराने मला उंबऱ्याबाहेर ठेवलं. अशा वेळी मांजर असो की माणूस, आत सारखंच काहीतरी तुटतं.

पण दुसऱ्याच दिवशी दुपारी दार किलकिलं झालं. पाहते तर बाबा! हातात दुधाची बाटली आणि वाटी. ते कागदाच्या गठ्ठ्यावर बसले आणि म्हणाले, "मेली मांजर! दुपारी टेबलावर कोणी नसलं की काम सुचत नाही."

मग ते रोज येऊ लागले. आणि मित्रांनो, तिथे मला ते कळलं जे घरात इतके दिवस कोणालाच कळलं नव्हतं. मलाही नाही.

बाबा दार लावून घ्यायचे, भिंतीला हात टेकायचे आणि खोकायचे. साधंसुधं खोकणं नव्हे ते. दिवसभर दाबून ठेवलेला खोकला एकदम सुटायचा. त्यांची पाठ कमानीसारखी वाकायची आणि डोळ्यांतून पाणी यायचं. खोकून झालं की ते तोंड पुसायचे आणि एक लवंग दाढेखाली धरायचे. मग मला आठवलं, घरातही त्यांच्या तोंडाला हल्ली सारखा लवंगेचा वास येत असे. खोकला आला की ते गिळून टाकत, नाहीतर काहीतरी आणायच्या निमित्ताने रस्त्यावर जात. अंगातला सदरा हवा गार असतानाही घामाने भिजलेला असे. कमरेच्या पट्ट्याला त्यांनी दाभणाने एक नवं भोक पाडलं होतं, आणि आता तेही सैल होऊ लागलं होतं. मी त्यांच्या मांडीवर चढले तर हाड टोचायचं.

ते मला म्हणायचे, "काही नाही गं, कागदाची धूळ आहे. जन्म गेला या धुळीत."

मी मांजर. मी काय बोलणार? मी त्यांच्या छातीला कान लावून बसायचे. आत ओल्या कागदासारखा चरचर आवाज यायचा.

इकडे घरी सूनबाईला बाबांनी सांगितलं होतं की मी कुठेतरी निघून गेले. "मांजराची जातच तशी," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. तिला काही ते पटलं नाही. ती रोज माझी वाटी धुऊन जागेवर ठेवायची. शेवटी कंपाउंडरकाकांनीच मोठेपणा मिरवायला तिला सांगितलं, "बरं केलं सासऱ्यांनी मांजर घालवली. मीच सुचवलं होतं!"

तिने घरी येऊन भांडण केलं नाही. तिला बाबांची भीती ठाऊक होती. पण पुढच्या तपासणीच्या दिवशी तिने डॉक्टरांना विचारलं. हे सगळं तिने मला नंतर शिलाई करता करता सांगितलं, ती मला सगळं सांगते.

डॉक्टर म्हणाल्या, "मांजर कशाला घालवता? थोडी काळजी घ्या म्हणजे झालं. तिची घाणीची पेटी तुम्ही साफ करू नका, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करायची. आणि रोजच्या रोज, साठू द्यायची नाही. तिला कच्चं मांस घालू नका, बाहेर शिकारीला सोडू नका. हात साबणाने धुवा. ओरखडा निघाला तर लगेच धुऊन टाका. शिवाय तुम्ही ती जादा गोळी घेता ना, ती मांजरीमुळे होणाऱ्या आजारालाही अडवते."

सूनबाईला इतका आनंद झाला की ती उठून उभीच राहिली. डॉक्टर हसून म्हणाल्या, "बसा, माझे नेहमीचे प्रश्न राहिलेत. खोकला? ताप? रात्री घाम? वजन कमी?"

"नाही, नाही, नाही. वजन तर वाढलंय."

"घरात कोणाला खोकला?"

"नाही," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

परत येताना ती छापखान्यावरून जात होती. मालक दारात उभे होते. ते म्हणाले, "सासरे मागे गोदामात आहेत. तुमच्या मांजरीला दूध पाजताहेत. रोज येतात बरं का!"

तिला हसू फुटलं. म्हणजे एकीकडे घालवायचं आणि दुसरीकडे रोज दूध! ती त्यांना पकडायला दबक्या पावलांनी आली. मला तिच्या पावलांची चाहूल लागली. मी कान टवकारले, पण बाबांना काहीच ऐकू आलं नाही. त्यांना तेव्हाच उबळ आली होती.

दार उघडलं. सूनबाई उंबऱ्यातच थांबली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तिने तो सगळा खोकला शेवटपर्यंत ऐकला. तोंड पुसून बाबा वळले आणि ती दिसल्यावर त्यांचा हात तोंडावरच राहिला.

"बाबा, कधीपासून?"

"काय कधीपासून? धूळ आहे इथे. तू आत येऊ नकोस."

"धुळीने सदरा भिजतो?" तिने त्यांच्या पट्ट्याकडे पाहिलं. "आणि धुळीने पट्टा सैल होतो?"

बाबा गठ्ठ्यावर बसले.  ते जमिनीकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, साधाच असेल, जाईल. मग गेला नाही. मग सांगायची भीती वाटली."

"मला सांगायची? कसली भीती?"

"अगं, तुला जपायला म्हणून मी या मुक्या जनावराला घराबाहेर काढलं. आता मीच तसा निघालो, तर मला घरात कोण ठेवील? आणि ठेवावं तरी कशाला? माझ्यापासूनच तुला धोका. मी कुठे जाऊ, ते मला सुचत नव्हतं."

मित्रांनो, सूनबाईला मी इतकी रागावलेली कधीच पाहिली नव्हती. 

"जायचं कुठे म्हणजे? दवाखान्यात जायचं!" ती म्हणाली. "त्यांनीही असंच केलं, बाबा. काम संपू दे, मग दाखवतो म्हणाले. एकदा मी ऐकलं. आता नाही ऐकणार. उठा."

"पण मांजर..."

"मांजर माझ्या काखेत. डॉक्टरांनी सांगितलंय, मांजर घरातच राहणार आणि तिची पेटी तुम्ही साफ करणार. उठा म्हणते ना!"

तिने पदराने नाक-तोंड झाकलं, मला काखोटीला मारलं आणि बाबांना पुढे घातलं. मला घरी सोडून ती दोघं तशीच दवाखान्यात गेली.

तपासणीत निघाला क्षय, म्हणजे टीबी. बाबांना वाटलं, आकाश कोसळलं. पण डॉक्टर शांतपणे म्हणाल्या की हा पूर्ण बरा होणारा आजार आहे, फक्त औषध मधेच सोडायचं नाही. मग त्या सूनबाईकडे वळल्या. एचआयव्हीवर उपचार घेणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त धोका याच आजाराचा असतो. हे संधिसाधू चोर असतात ना, त्यांचा हा म्होरक्या. म्हणून तिच्याही छातीचा फोटो काढला, आणखी तपासण्या झाल्या. अहवाल लगेच मिळणार नव्हता.

ते दिवस मी विसरणार नाही. तोंडाला मास्क बांधून बाबा खाली कारखान्यात बसून राहायचे. जिन्याच्या पहिल्या पायरीवरही त्यांनी पाय ठेवला नाही. कामाला हात लावला नाही. मी जवळ गेले की म्हणायचे, "पुठ्ठे, मी तिच्यासाठी पाणी उकळत होतो आणि वाफेत उभा राहून खोकत होतो. माझ्यामुळेच तिला झालं असेल तर?" मी त्यांच्या पायाला अंग घासायचे. दुसरं काय करणार?

मग एका दुपारी सूनबाई धावत आली. दारातूनच ओरडली, "बाबा, नाहीये! मला नाहीये!"

बाबांनी डोळे मिटले. त्यांचा मास्क वरच्या बाजूने भिजत गेला. ती धावत जवळ येणार एवढ्यात त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "लांब! लांबूनच आनंद कर!" असं म्हणून ते हसले, आणि हसताना पुन्हा खोकले.

सूनबाईला टीबी नव्हता, पण तो होऊ नये म्हणून डॉक्टरांनी तिला आणखी एक औषध सुरू केलं. "आता गोळ्यांनीच पोट भरतं, जेवण वाचतं," असं ती म्हणायची. बाबांचं औषध सुरू झालं. ते लागू पडून थुंकीतले जंतू नाहीसे होईपर्यंत बाबांनी खालीच झोपायचं, मास्क लावायचा आणि खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या, असं ठरलं. जंतूंना कोंदट जागा आवडते, मोकळा वारा नाही.

पण बाइंडिंगखान्यात वारा म्हणजे काय, ते ज्याचं त्याने पाहावं! सगळे कागद खोलीभर नाचू लागले. बाबांनी प्रत्येक गठ्ठ्यावर दगड ठेवले, वजनं ठेवली, शेवटी एका गठ्ठ्याला काहीच उरलं नाही तेव्हा मला उचलून ठेवलं. "बस तू इथे, फुकट दूध पितेस!" आयुष्यात मी बरीच कामं केली, पण मी कागदावरचं वजन होईन असं कधी वाटलं नव्हतं. तरी मी ते काम मन लावून केलं. बहुतेक वेळ झोपून केलं.

माझ्यासाठी कात्रणं भरलेली एक लाकडी पेटी आली. बाबा रोज सकाळी हातमोजे घालून ती साफ करायचे आणि म्हणायचे, "काय दिवस आले! सिंहासारखा माणूस मांजरीची मोरी धुतोय." सूनबाई जिन्याच्या वरच्या टोकाला उभी राहून हसायची. मग तीच विचारायची, "बाबा, गोळी झाली का?"

"झाली! आणि तुझी?"

"झाली!"

सारी गल्ली या हाकांवर घड्याळ लावू लागली होती.

काही आठवड्यांनी बाबांचा खोकला गेला, मास्क सुटला, ते पुन्हा वर झोपू लागले. भूक लागू लागली, पट्टा घट्ट झाला. आणि मग त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. ते म्हणाले, "आता मी ठणठणीत आहे. गोळ्यांनी तोंड कडू होतं. बंद करतो."

सूनबाईने शिलाई थांबवली नाही. सुईतून दोरा ओढत ती शांतपणे म्हणाली, "चालेल. मीही ठणठणीत आहे. उद्यापासून मीही बंद करते."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. ती वर बघेना. मग त्यांनी गुपचूप पाण्याचा पेला उचलला, गोळी घेतली आणि म्हणाले, "पुठ्ठे, या घरात थट्टा करायची सोय राहिली नाही." त्यानंतर त्यांनी औषध संपेपर्यंत एकदाही कुरकुर केली नाही.

ऋतू फिरत गेले. बाबा पूर्ण बरे झाले. सूनबाईच्या रक्ताच्या तपासण्या होत राहिल्या आणि एके दिवशी डॉक्टर म्हणाल्या की पहारा आता भक्कम झालाय, ती जादा गोळी बंद करू या. रोजचं मुख्य औषध मात्र जन्मभर चालूच ठेवायचं. त्या दिवशी बाबांनी छापखान्यातल्या सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल, ते कोणाला सांगितलं नाही. ते सांगणं सूनबाईच्या हातात आहे, असं ते म्हणत. कंपाउंडरकाकांनाही चहा दिला आणि म्हणाले, "काका, आमची मांजर परत आलीय. डॉक्टरांना विचारून आणलीय." काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंजा चाटत होते.

आता बाबा खूप थकले आहेत. खळ शिजवणं सूनबाईच करते आणि दोन नवीन बायका तिच्या हाताखाली शिलाई शिकतात. तिच्या कानाजवळ पांढरे केस दिसू लागले आहेत. पहिला पांढरा केस दिसला तेव्हा तिने तो आरशात बघून बाबांना हाक मारली, "बाबा, बघा, म्हातारी व्हायला लागले!" बाबांनी चष्मा लावून तो केस नीट पाहिला आणि नातू झाल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला.

मित्रांनो, मी अडाणी मांजर, मला पुस्तकांवर नुसतं झोपता येतं. पण एवढं तुम्हाला सांगून ठेवते. तुमच्या घरात, शेजारात, वर्गात कोणी असा उपचार घेत असेल, तर त्याला बाजूला काढू नका. त्याच्यासाठी खिडकी उघडा, हात धुवा, पाणी उकळा, औषधाची आठवण करून द्या. काही शंका आली तर गल्लीतल्या काकांना नाही, डॉक्टरांना विचारा. आणि तुम्हाला स्वतःला खोकला झाला, ताप आला आणि तो जाता जाईना, तर आपल्यामुळे कोणाला त्रास होईल या भीतीने तो लपवू नका. ज्यांच्यावर तुमची माया आहे, त्यांनाच आधी सांगा. ती माणसं तुम्हाला घालवून देत नाहीत. फार तर थोडी रागावतील, काखोटीला मारतील आणि दवाखान्यात घेऊन जातील.